पोरं आयटीआयला येत का नाहीत? मस्टर एकदा उभं वाचून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खासगी आयटीआयत फिटर ट्रेडला (सुटे भाग घडवून जोडायचं काम शिकवणारा अभ्यासक्रम) निदेशक म्हणून लागून तुम्हाला दीड वर्ष झालंय. पटावर २० पोरं, समोर रोज ११-१२. दिवसाला १० रुपये दंड लावून झाला, पालकसभा घेऊन झाली, '८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही' हे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंत, तरी आकडा हलला नाही. शेवटी विचारलंत, "या पोरांना शिकायचंच नाही का? शिस्त लावायची तरी कशी?"

शिस्तीचं नंतर बघू. माझ्या मते तुमची खरी अडचण अशी आहे की जी आठ-नऊ पोरं वर्गात नसतात, ती त्या वेळी कुठं असतात हे तुम्हाला ठाऊक नाही. दोष देत नाही. मलाही पहिली सहा-सात वर्षं ठाऊक नव्हतं. लाल शाईनं 'गै' (गैरहजर) लिहिलं की माझं काम संपलं असंच मी धरून चालायचो.

मी २६ वर्षं फिटरला शिकवलं. पहिली १५ मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, उरलेली एमआयडीसीला चिकटून असलेल्या एका शहरात. त्यामुळे पुढं जे सांगतोय ते या दोन जागांचं आहे. आदिवासी पट्ट्यात किंवा मुंबईत लोकलनं येणाऱ्या पोरांत कारणं वेगळी निघतील. ट्रेडनंही फरक पडतो. इलेक्ट्रिशियनला मेरिट वर जातं, पोरानं तो ट्रेड मागून घेतलेला असतो, तिथं हजेरी मुळातच बरी असते. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत जे उरलं ते पदरात पडलं अशा ट्रेडला ती पडते. फी भरूनही येत नाहीत याचं तुम्हाला नवल वाटतंय, पण फी बापानं भरलेली असते किंवा शिष्यवृत्तीतून यायची असते. पोराच्या खिशातून ती गेलेली नाही.

आता मस्टर, म्हणजे हजेरीपट. आपण सगळे ते आडवं वाचतो. एका पोराच्या ओळीवरून बोट फिरवायचं, खाडे मोजायचे, टक्के काढायचे आणि त्याला केबिनमध्ये बोलवायचं. त्यातून कोण येत नाही एवढंच कळतं. का येत नाही हे कळायला मस्टर उभं वाचावं लागतं. एकेका तारखेचा रकाना वरून खाली, आणि तारखेच्या डोक्यावर वार लिहून.

मला हे कुणी शिकवलं नाही. एकदा तपासणीसाठी तीन महिन्यांची हजेरी एका कागदावर उतरवत होतो, तेव्हा दिसलं की दर मंगळवारी रकाना खाली जातोय. आणि पोरं तीच ती पाच. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की मंगळवारी सकाळी इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा तास असतो, म्हणून दांडी मारतात. पाचही जणांना उभं करून झापलं. खाली माना घालून ऐकून घेतलं, पुढच्या मंगळवारी पुन्हा गायब.

कारण मला चहाच्या टपरीवर कळलं. मंगळवार हा आमच्या गावचा आठवडे बाजार. पाचही पोरं एकाच रस्त्यावरच्या दोन फाट्यांवरून येणारी. त्या दिवशी सकाळची बस मागच्या गावांतच भरायची, टोपल्या, भाजीची गाठोडी, बायाबापड्या, त्यात एखादं करडू. फाट्यावर ती थांबायची नाही. पुढची साडेदहाची. त्या बसनं आलं की पोरगं सव्वाअकराला गेटवर, आणि उशिरा आलेल्याला मी अर्धा दिवस गैरहजर मांडून वर चार शब्द ऐकवायचो. मग ते कशाला येईल? तिकिटाचे पैसे जाणार, बोलणी खावी लागणार आणि अर्धा खाडा तर पडणारच. घरी राहिलं तर नुसता खाडा. पोरांनी हिशेब बरोबर केला होता, माझाच चुकला होता.

तोडगा अगदी साधा निघाला. मंगळवारी सकाळच्या सत्रात नवीन काही सुरू करायचं नाही, अर्धवट राहिलेले जॉब (घडवायला दिलेले तुकडे) पुरे करायचे. नवीन ऑपरेशन, म्हणजे कामाची नवी कृती, साडेअकरानंतर दाखवायची. शिवाय एका शनिवारी संध्याकाळी कंडक्टरला चहा पाजला आणि पोरांचे चेहरे दाखवून ठेवले. तो जमेल तेव्हा थांबवायला लागला. पाचातली तीन पोरं नियमित झाली. दोन तरीही आली नाहीत. त्यांचं कारण बस नव्हतंच, ती बापाबरोबर बाजारात कांदा विकायला बसायची.

म्हणून सांगतो, आधी तीन महिन्यांचे रकाने काढा. सगळा रकाना ठरावीक वारी किंवा ठरावीक पंधरवड्यात खाली जात असेल तर कारण गावात आहे, म्हणजे बाजार, हंगाम, जत्रा, बस. एकाच पोराची सलग वीस-पंचवीस दिवसांची पोकळी असेल तर ते कुठंतरी कामाला लागलंय, घरात आजारपण आहे किंवा घर सोडून कुटुंब बाहेर गेलंय. एक दिवस आड खाडे असतील तर कुठल्यातरी कामाची पाळी, दुसऱ्या कॉलेजातला प्रवेश, नाहीतर भावाबरोबर वाटून घेतलेली एकच मोटारसायकल. आणि सकाळी हजर पण दुपारी नाही, असं दिसलं तर माफ करा, कारण बहुतेक आपणच असतो.

पैशाचं आधी बोलू, कारण त्याला आपण सगळ्यात जास्त नाकारतो. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला येतं. आमच्याकडे एकरावर गुत्तं (ठेका) देतात, चार-पाच जणांची टोळी मिळून घेते, आणि अंगात जोर असलेल्या पोराला दिवसाला पाचशेच्या आसपास सुटतात. त्यामागोमाग कापूस वेचणी. आता तुलना करा. सरकारी आयटीआयत विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं, २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ते ५०० करायचं ठरवलं. म्हणजे महिनाभर वर्गात बसल्याचे पैसे आणि एक दिवस शेतात वाकल्याचे पैसे सारखेच. खासगीत तर बहुतेक ठिकाणी तेही नाही. ज्या घरात दिवाळीचा किराणा त्या पंधरा दिवसांवर ठरतो, त्या घरातल्या पोराला 'भविष्याचा विचार कर' म्हणणं मला पुढं पुढं लाज वाटण्यासारखं झालं.

मग ऑक्टोबर सोडूनच द्यायचा का? नाही. मी त्या तीन आठवड्यांत नवं ऑपरेशन लावायचं थांबवलं. कानस, मार्किंग (आखणी), हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) यांचीच उजळणी, आणि जी पोरं येतात त्यांना थोडं पुढचं. काढणीवर गेलेल्या पोराला सांगून ठेवायचो, अमुक तारखेला ड्रिलिंग सुरू करतोय, त्या दिवशी तू मला इथं पाहिजेस. तारीख दिली की बहुतेक येतात. 'लवकर ये' म्हटलं की येत नाहीत. हा फरक मला फार उशिरा कळला.

ऊसतोडीचं वेगळं आहे. बीडकडून आलेले असाल तर तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. १७ वर्षांचं पोरगं एकतर बरोबर जातं, नाहीतर घरी म्हातारी आजी आणि धाकट्या भावंडांपाशी राहतं, स्वयंपाकासकट. दुसऱ्या प्रकारचं पोरगं सकाळी आठला येऊ शकत नाही, पण दहाला येऊ शकतं. असं एक पोरगं मी दोन वर्षं रोज दोन तास उशिरा घेतलं आणि गटनिदेशकांना तसं सांगून ठेवलं. नियमात बसत होतं का? नव्हतं. त्याचे राहिलेले तास संध्याकाळी थांबून भरून घेतले, तेवढं मात्र चोख केलं. पहिल्या प्रकारचं पोरगं, जे कोयत्यावरच गेलं, त्याच्यासाठी मला कधीच काही करता आलं नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर टिकतं, पण ते निदेशकाच्या हातात नसतं.

शहरात आल्यावर हंगाम गेला आणि कंपनी आली. एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून १२ तासांची रात्रपाळी करून पोरगं सकाळी थेट वर्कशॉपमध्ये यायचं आणि व्हाइसवर (जॉब पकडायच्या शिकंज्यावर) डोकं टेकून झोपायचं. ज्या कंपनीत जाता यावं म्हणून ते आयटीआय करतंय, तिथंच ते आधीच जाऊन पोचलंय, तेही बिनाकागदाचं. त्याच्या दृष्टीनं मी शिकवत होतो ते एक पाऊल मागचं होतं. त्याला मी काय समजावणार? मी एका माजी विद्यार्थ्याला बोलावलं. त्यानं स्वतः तीन वर्षं हेल्परी केली होती, मग आयटीआय पुरं करून अप्रेंटिसशिप केली. तो भाषण देऊच शकत नाही असा माणूस. त्यानं मोबाइलवर दोन पगारपत्रकं दाखवली, आधीचं आणि आताचं, आणि एवढंच सांगितलं की ठेकेदार बदलला त्या दिवशी गेटवर आम्हा ४० जणांना आत सोडलं नाही, कारण आत कुणाचं नावच नव्हतं. रेल्वेतल्या टेक्निशियनच्या जागा असोत की महावितरणचे विद्युत सहायक, तिथं प्रमाणपत्र आधी विचारतात, हे पोरांना माहीत असतं. पण ते दूरचं असतं. दोन पगारपत्रकं जवळची.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या संस्थेत दोन पाळ्या चालत असतील तर रात्रपाळीवाल्या पोराला दुपारच्या पाळीत टाका. सकाळी चार-पाच तास झोपून आलेलं तेच पोरगं माणसासारखं काम करतं. मी असे सहा-सात बदल करून घेतले. प्रत्येक वेळी ऑफिसातून कुरकुर झाली, पण झाले.

पोलिस भरतीचं थोडक्यात सांगतो. पहाटे पाचला ग्राउंडवर पळणारी पोरं तुमच्याकडेही असतीलच. त्यांच्याशी भांडू नका. जाहिरात निघाली की महिना-दोन महिने ती जाणार, निकाल लागला की त्यातली बहुतेक परत येणार. परत येतील तेव्हा त्यांना जागा असू द्या. दुहेरी प्रवेशवाल्यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. 'फक्त आयटीआय राहील' या भीतीनं पोरगं अकरावीत नाव घालून ठेवतं आणि दोन्हीकडे अर्धं अर्धं जातं. ही वाट माहीत नसलेले पालक मला दरवर्षी भेटले.

आता आपल्या अंगणात येऊ. इथं मला जास्त बोलायचंय, कारण दंड, पालकसभा आणि फळ्यावरची सूचना या तिन्ही गोष्टींत आपण आपल्याला सोडून सगळ्यांना हात लावतो.

एक दिवस मी मनगटावरचं घड्याळ लावून बसलो आणि मोजलं. लेथचं (धातू फिरवून कापायच्या यंत्राचं) प्रात्यक्षिक, चार तासांचं. सहा लेथ, त्यातले तीन चालू. तीन लेथ गुणिले चार तास म्हणजे मशीनचे १२ तास. पोरं २०. भागाकार करा, प्रत्येकाच्या वाट्याला ३६ मिनिटं. त्यातून टूल लावणं, सेंटर काढणं, माझं दाखवणं वजा केलं तर पोराचा हात हँडलवर १५-२० मिनिटं. बाकीचे सव्वातीन तास ते काय करतं? दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतं, मोबाइल काढतं, मुतारीला जातं आणि परत येत नाही. अशा चार तासांना जे पोरगं येत नाही त्याला मी आळशी कसं म्हणू? ते आलं तरी तेवढंच शिकतं.

२०२२ च्या अभ्यासक्रमात वर्षाचे १६०० तास कमी करून १२०० केले, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे आहेत. कागदावर ते भरपूर वाटतात. तुमच्या वर्कशॉपमध्ये त्यातले किती तास हात चालतो, हे एकदा मोजाच. कुणाला दाखवू नका, स्वतःसाठी मोजा. मी मोजल्यावर गट पाडले. सहा पोरं लेथवर, सहा मार्किंगवर, बाकीची बेंचवर, आणि दर दीड तासानं फिरवायचो. नवीन काही नाही यात, प्रशिक्षणात आपल्याला हेच शिकवलेलं असतं. करत नाही, कारण २० पोरांना एकत्र उभं करून एकदा दाखवणं सोपं पडतं.

दुसरी गोष्ट कानशीची. पहिले दोन महिने पोरगं एमएस फ्लॅटचा (साध्या पोलादी पट्टीचा) तुकडा घासतं. तळहाताला फोड येतात. कानस सपाट चालत नाही, जॉब मधे फुगीर आणि कडेला उतरता राहतो, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावला की खालून उजेड दिसतो, आणि सर म्हणतात, पुन्हा घास. घरी आई विचारते काय शिकलास, पोरगं म्हणतं लोखंड घासलं. महिनाभरानं पुन्हा विचारते, पुन्हा तेच. सगळ्यात जास्त गळती मला या काळात दिसली, पावसाळा संपायच्या आत. मी वर्षानुवर्षं म्हणायचो, जो कानशीला टिकला तोच फिटर. ऐकायला झोकदार आहे, पण त्यात जी पोरं गेली त्यातली काही चांगले फिटर झाली असती.

पुढं मी एक बदल केला. सराव तोच ठेवला, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला सांगितलं की आपण कडी-कोयंडा बनवायचा आणि तो घरी न्यायचा. मार्किंग, हॅकसॉ, कानस, ड्रिल, रिव्हेट, पहिल्या काही महिन्यांत शिकवायचं जवळजवळ सगळं त्यात येतं. भंगारातला फ्लॅट घेतला, खर्च नगण्य. प्रत्येकानं नंबर पंचानं आपला हजेरी क्रमांक त्यावर मारायचा. एका पोराच्या घराच्या दाराला तोवर सुतळी होती. त्यानं तो कोयंडा बसवला आणि दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन आला, काम बघायला. बाप वर्कशॉपच्या दारात चप्पल काढून आत आला. मी नको म्हटलं तरी. टक्क्यांचे आकडे मी जपून ठेवले नाहीत, त्यामुळे किती वाढलं हे छातीठोक सांगत नाही. पण जॉब अर्धवट राहिलेलं पोरगं शनिवारी दुपारी स्वतःहून थांबायला लागलं, हे डोळ्यांनी बघितलं.

थिअरीच्या तासाचं कारण वेगळं आहे, आणि पोरं ते कधीच सांगणार नाहीत. त्यांना अपूर्णांक येत नाहीत. दहावी पास होऊन येतात, पण एक अष्टमांश आणि तीन षोडशांश यांत मोठं कोण हे विचारलं की घशाला कोरड पडते. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचता येत नाही तो डोळ्यांमुळे नाही, दशांश चिन्हामुळे. आणि मी काय करायचो, नाव घेऊन फळ्यापाशी बोलवायचो. एकदा सगळ्यांसमोर फजिती झाली की पुढच्या आठवड्यात त्या तासाला पोटात दुखतंच. चहाच्या सुट्टीनंतर गायब होणाऱ्यांची यादी करा आणि शेजारी त्यांचे गणिताचे गुण लिहा. मी केली तेव्हा दोन्ही याद्या जवळपास सारख्या निघाल्या. फळ्यापाशी बोलवणं बंद केलं, जोड्या लावून हातात व्हर्निअर दिला, वाचन कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचं. चुकलं तर फक्त त्याला आणि मला कळणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. खाडा पडला तो दिवस एवढा वाईट नसतो. वाईट असतो तो परत येण्याचा दिवस. पोरगं २० दिवसांनी दारात उभं राहतं. बाकीची ड्रिलिंगवर गेलेली, याचा जॉब कुठं ठेवलाय हे यालाच माहीत नाही, त्यावर गंज चढलाय. त्या क्षणी तुमच्या तोंडून काय निघतं यावर पुढचे दोन महिने ठरतात. मी एकदा म्हणालो, "या पाहुणे, कसं काय वाट चुकलात?" वर्ग हसला. मीही हसलो. पोरगंही थोडं हसलं, जॉब शोधायचं नाटक केलं, दुपारी डबा घेऊन गेलं आणि परत आलं नाही. चार-पाच वर्षांनी रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवताना भेटला. मशीन बंद करून खाली उतरला, पाया पडला. म्हणाला, "सर, त्या दिवशी पाहुणा म्हणालात ना, तेव्हाच ठरवलं." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या पोरांची हीच गत असते, फक्त त्यांनी खाडा केलेलाच नसतो. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पोरगं महिनाभरानं येतं, तोवर वर्ग पुढं गेलेला. पहिल्या दिवसापासून ते मागं असतं आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. तुमच्याकडे जे कमी येतात त्यांच्या प्रवेशाच्या तारखा बघा, मला वाटतं काहीतरी सापडेल.

यावर मी भिंतीला एक मोठा तक्ता लावला. उभ्या बाजूला पोरांचे क्रमांक, आडव्या बाजूला ऑपरेशन. जे झालं तिथं टिकली. टक्के नाहीत, लाल शाई नाही. परत आलेल्या पोरानं कुणाला काही न विचारता तक्त्यावर बघायचं आपण कुठं आहोत, आणि ज्याचं ते ऑपरेशन झालंय त्याच्या शेजारच्या व्हाइसवर जायचं. मी त्याला दहा मिनिटं काहीच बोलायचो नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारायचो, घरी सगळं ठीक ना? निम्म्या वेळा खरं कारण तिथंच बाहेर यायचं.

तुमच्या वर्गात मुलगी असेल तर तिचं मस्टर वेगळं बघा. २० मध्ये एक किंवा दोन असतात. माझ्या एका बॅचमधली मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस हमखास नसायची. मी बरीच वर्षं शिकवलेला शहाणा माणूस, पण मला ते कळलं नाही. ड्रेसमेकिंगच्या निदेशक बाईंनी सांगितलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, चावी ऑफिसात, आणि मागायची ती पुरुष कारकुनाकडे. चावीची एक नक्कल करून बाईंनी तिच्याकडे दिली, प्रश्न मिटला. नक्कल करायला किती खर्च येतो हे तुम्हीच जाणता, फिटर आहात. परतीच्या शेवटच्या बसचंही तसंच. चारला सुटायचं आणि बस पावणेचारची असेल तर मुलीचा बाप तिला महिनाभर पाठवेल, दुसऱ्या महिन्यात नाही.

पालकांना फोन करता ते ठीक, पण कधी करता? महिनाअखेरीला सगळे खाडे मोजून फोन केला तर बाप म्हणतो, "पाठवतो साहेब." तो पोराच्या शेजारीच शेतात उभा असतो. मी त्याच दिवशी साडेनऊच्या आत फोन करायचो, तक्रार न करता: "आज आला नाही, बरं आहे ना?" एवढंच. आठवड्यातून तीन-चार फोन, फार वेळ जात नाही. काही घरांत पोरगं रोज डबा घेऊन निघतंय आणि इथं पोचत नाही हे बापाला पहिल्यांदा त्या फोनवरूनच कळायचं. अशा वेळी पोराला मार बसू नये म्हणून पुढचं बोलणं मी समोरासमोर ठेवायचो.

राहिली शिस्त. दंड बंद करा. दहा रुपये भरून खाडा विकत मिळतो, आणि ज्याला पाचशे मिळतात त्याला तो स्वस्त पडतो. ज्याच्याकडे दहाही नाहीत ते पोरगं दंड साचला म्हणून येत नाही, हेही मी पाहिलंय. बायोमेट्रिकनं अंगठा कळतो, पोरगं कळत नाही. अंगठा लावून मागच्या कंपाउंडवरून उडी मारणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. ८० टक्क्यांचा नियम खरा आहे आणि तो पाळला पाहिजे, पण पोरांचा त्यावर विश्वास आहे का ते आधी विचारा. परीक्षेच्या तोंडावर हजेरी 'भरून' देतात हे मागच्या बॅचनं पुढच्या बॅचला सांगितलेलं असेल, तर तुमची फळ्यावरची सूचना म्हणजे भिंतीवरची पाल. तुमच्या संस्थेत काय होतं ते तुम्हाला माहीत. होत असेल तर नव्या निदेशकानं एकट्यानं ते थांबवणं अवघड आहे, नोकरीचा प्रश्न असतो. पण निदान तुमच्या हातची हजेरी खरी ठेवा, आणि धमकी म्हणून नाही तर हिशेब म्हणून पोरांना दर महिन्याला सांगा: तुझे इतके दिवस झाले, परीक्षेपर्यंत इतके उरले, त्यातले इतके चुकले तरी चालतील. सप्टेंबरमध्ये हा आकडा ऐकलेलं पोरगं आपले खाडे काढणीसाठी राखून ठेवतं. मेमध्ये ऐकलेलं सोडून देतं.

हे सगळं करूनही २० च्या २० येणार नाहीत. माझ्याकडे चांगल्या बॅचला १६-१७ असायचे, आणि दोन-तीन पोरं तर मला कधी नीट दिसलीच नाहीत. शेजारच्या ट्रेडला निदेशकाची जागा दोन वर्षं रिकामी होती तेव्हा दोन्ही वर्ग मी सांभाळत होतो, त्या काळात माझी स्वतःची हजेरी वर्गात अर्धी होती, मग पोरांची काय असणार?

तुम्ही आता एक करा. ऑगस्टपासूनचं मस्टर काढा, तारखांवर वार लिहा, रकाने मोजा. त्याच कागदावर प्रत्येकाचं गाव, प्रवेशाची तारीख आणि घरून निघायची वेळ लिहा. कोणता वार खाली जातोय आणि चहानंतर कोण गायब होतं तेवढं सांगा. आणि तुमचे लेथ किती चालू आहेत, तेही.